मायक्रॉनभर तेल

१८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसावर प्रयोग करत होता. आस फिरताना बेअरिंगमध्ये घर्षण किती होतं, एवढंच त्याला मोजायचं होतं. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडलेलं होतं. आस फिरू लागला आणि त्या भोकातून तेल उलट वर येऊन सांडू लागलं. टॉवरने बूच लावलं, ते निघालं. मग लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. शेवटी त्याने तिथे दाबमापक बसवला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवर लादलेल्या भाराचा सरासरी दाब याच्या निम्मा होता. आणि तेलाला कोणी पंपाने ढकलत नव्हतं! आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता, एवढंच.

तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा बेअरिंगच्या बरोबर मध्यावर नसतो, किंचित एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे दोघांमधली फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळती होते. दांडा अंगाला चिकटलेलं तेल त्या निमुळत्या जागेत ओढत नेतो. तेल दाबलं तरी जवळपास आकसत नाही आणि त्याला निसटायला वाट अपुरी पडते. मग ते दांड्यालाच उचलून धरतं. भर पावसात वेगातल्या गाडीची चाकं रस्त्यावरच्या पाण्यावर चढतात आणि पकड सुटते, तेव्हाही हेच घडतं. रस्त्यावर जिवावर बेतणारी ही गोष्ट बॉनेटखाली इंजिनाला जिवंत ठेवते.

किती जिवंत, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा पेट होतो. ८८ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ६० बार दाब आला, तर भार साडेतीन टनांच्या वर जातो. हा घाव कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर बसतो. तिथे बहुतेक गाड्यांत ना गोळ्यांचं बेअरिंग असतं, ना रोलर. असतात फक्त अर्धवर्तुळाकार वळवलेल्या दोन पातळ पट्ट्या आणि तेल. फट केसाच्या जाडीहून कमी. भार सगळ्यात जास्त असतो त्या क्षणी तर तेलाचा थर एखाद-दोन मायक्रॉनवर येतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. ऑइल पंपाचा दाब असतो काही बारचा, पण त्या थरातला दाब शेकडो बारांवर पोचतो. तो पंपाने आणलेला नसतो, क्रँकच्या फिरण्यातूनच उपजतो. पंपाने फक्त तेल पोचवायचं: इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधून फिल्टरला, तिथून ब्लॉकमधल्या वाटांनी मुख्य बेअरिंगला आणि तिथून क्रँकच्याच पोटात तिरक्या पाडलेल्या भोकांतून रॉडच्या बेअरिंगपर्यंत.

या शेवटच्या वळणावर तेल अडलं, की थर तुटतो. धातू धातूला घासतो, बेअरिंग तापतं, फट वाढते, खालून ठकठक ऐकू येऊ लागते. मेकॅनिक कान देऊन म्हणतो, ‘रॉडचा आवाज आहे.’ तरीही गाडी चालवली तर बेअरिंग क्रँकला चिकटून इंजिन जाम होतं. कधी रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक आणि त्यातले क्रँक-पिस्टन, तरी बदलावं लागतं, नाहीतर पूर्ण इंजिनच.

आणि इथेच भांडण सुरू होतं. मालक म्हणतो, गाडी वॉरंटीत आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ऑइल वेळेवर बदललं नाहीत, पावत्या दाखवा. थर तुटला यावर दोघांचं एकमत असतं. तो कोणामुळे तुटला, एवढाच वाद असतो आणि तेवढ्यावर लाखभराहून मोठं बिल कोणाच्या खिशातून जायचं ते ठरतं.

ह्युंदाईच्या थीटा-२ इंजिनाने हा वाद जगासमोर आणला. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या कारखान्यात बनलेल्या काही इंजिनांत क्रँकशाफ्टचं यंत्रकाम झाल्यावर उरलेला धातूचा कीस पुरता साफ झाला नसण्याची शक्यता होती. तो कीस तेलाच्या वाटेत अडकला तर रॉडच्या बेअरिंगला तेल कमी पडतं. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने २०११ आणि २०१२ मॉडेलच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. २०१७ च्या वसंतात ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्यांची पाळी आली. मधल्या काळात किम ग्वांग-हो या कंपनीतल्याच अभियंत्याने अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याकडे जाऊन सांगितलं, की दोष मोठा आहे आणि कंपनी तो नीट हाताळत नाही. त्याची नोकरी गेली. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांशी झालेल्या समझोत्यात एकूण २१ कोटी डॉलरांचा दंड ठरला. गाड्या वेळेवर परत न बोलावल्याचा आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका होता. २०२१ मध्ये त्याच खात्याने किमला २ कोटी ४० लाख डॉलरांहून जास्त बक्षीस दिलं. नोकरी पणाला लावून बोललेल्या माणसाचं हे ऋण त्या गाड्या चालवणाऱ्या प्रत्येकावर आहे, असं मी मानतो.

मालकांनी केलेल्या दाव्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: देखभाल नीट नव्हती असं सांगून वॉरंटी नाकारली गेली. या दाव्यांमध्ये झालेल्या समझोत्यानंतर या इंजिनांच्या हाफ इंजिनाला जन्मभराची वॉरंटी मिळाली आणि मालकाचं असाधारण दुर्लक्ष असेल तरच ती नाकारायची, असं ठरलं. त्याबरोबर आलेला एक उपाय मला विलक्षण वाटतो. इंजिनात ‘नॉक सेन्सर’ नावाचा छोटा कान आधीपासून असतो. इंधन भलत्या वेळी पेटलं की होणारा ठोका तो टिपतो. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून त्याच कानाला झिजू लागलेल्या बेअरिंगची कंपनं ओळखायला शिकवलं. माणसाला काही ऐकू येण्याआधीच दिवा लागतो आणि गाडी स्वतःचा वेग आवरते.

पण सगळ्यात मोठं नवल बेअरिंगच्या त्या पातळ पट्टीत आहे. तिची पाठ पोलादाची असते, पण तेलाकडच्या बाजूला मुद्दाम मऊ धातूचा थर दिलेला असतो, अल्युमिनियम-कथलाचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा. तेलातून एखादा कण आला तर तो या मऊ थरात रुतून बसावा आणि महागडा क्रँक वाचावा, ही योजना. त्यामुळे बेअरिंगच्या अंगावर इंजिनाचा इतिहास उमटत जातो. कीस फिरला असेल तर फिरण्याच्या दिशेने ओरखडे दिसतात, रुतलेले कण दिसतात. तेल कमी पडलं असेल तर थर पुसला जातो आणि उष्णतेने काळानिळा डाग पडतो. ऑइल खरोखरच वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर व्हॉल्व्ह कव्हरखाली आणि चेंबरमध्ये डांबरासारखा गाळ साचलेला असतो, आणि तो पावतीपेक्षा स्पष्ट बोलतो.

वापरलेलं ऑइलही बोलतं. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनातल्या तेलाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासून आत काय झिजतंय ते इंजिन न उघडता ओळखतात. तांबं, शिसं, कथील वाढलं तर बेअरिंग झिजतंय. सिलिकॉन वाढला तर बहुधा एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय. सोडियम वाढला तर कूलंट गळतंय का ते पाहायचं.

अर्थात, हा साक्षीदार फार वेळ शुद्धीवर राहत नाही. एक बेअरिंग गेलं की त्याचाच चुरा तेलातून सगळीकडे पसरतो आणि बाकीच्यांवरही ओरखडे काढतो. ठकठक ऐकू आल्यावर गाडी पन्नास किलोमीटर दामटली, तर पहिलं कारण कोणतं हे तज्ज्ञालाही सांगणं जड जातं. म्हणून आवाज आला की इंजिन बंद करावं आणि गाडी टो करून न्यावी.

ऑइलच्या पावत्या मागण्यात कंपनीचं काही चुकत नाही. पण पावती नसणं म्हणजे बिघाडाचं कारण सापडणं नव्हे. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटलं होतं, की बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. या आदेशाला कंपन्यांनी पुढे आव्हान दिलं, पण तो विचार मला बिनतोड वाटतो: नकार द्यायचा तर बिघाडाशी संबंध दाखवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार, दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर जिल्हा आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. नमुनाच भंगारात गेला असेल तर आयोग काय पाठवणार?

तेव्हा इंजिन खोलतील त्या दिवशी तिथे हजर राहा. जॉबकार्डवर किलोमीटर आणि डिपस्टिकवरची ऑइलची पातळी लिहून घ्या. थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत काढून ठेवा, प्रत्येक बेअरिंगचा क्रमांकासह फोटो काढा. नकार तोंडी ऐकून परत येऊ नका. कारणासह लेखी मागा. पदरचे पैसे भरून दुरुस्ती करणार असाल तर जुनी बेअरिंगं पिशवीत घालून घरी आणा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.