सहावीचं गणित, ज्याच्या त्याच्या वेगानं

माझ्या सहावीच्या वर्गात एकाच बाकावर एक मुलगी भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज करत असते आणि शेजारची भागाकार संपवून शाब्दिक उदाहरणांना लागलेली असते. हे चालतं ते तासाचा क्रम रोज तोच असतो म्हणून.

घंटा झाली की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातली उजळणीची उदाहरणं न बोलता सोडवायची. मग वहीच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात आपली पायरी पाहून खोक्यातून त्या पायरीचं कार्ड घ्यायचं. अडलं तर आधी मागची पानं, मग शेजारी, त्यानंतर बाई. पायरी संपली की माझ्यासमोर बसून छोटी चाचणी. ती जमली तरच पुढचं कार्ड. शेवटची पाच मिनिटं ‘आज कुठे अडलं’ हे लिहायला. पायरीचा तक्ता वहीतच असतो, कारण सगळ्यांची प्रगती भिंतीवर लावणं मला पटत नाही. मागे असलेल्या मुलाचं लक्ष उदाहरणापेक्षा त्या भिंतीकडेच जातं.

‘आता काय करू?’ हा प्रश्न उरला नाही की मला एकेका मुलापाशी बसता येतं. एकीनं १/२ + १/३ = २/५ लिहिलं होतं. विचारलं, “दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे की लहान?” ती थबकली. कागदाच्या पट्टीचे सहा सारखे भाग केले, अर्ध्यासाठी तीन रंगवले, तृतीयांशासाठी दोन. “पाच षष्ठांश!” या वयाची मुलं न आलेलं लपवायला शिकलेली असतात. पूर्ण वर्गाला शिकवताना ही चूक माझ्या नजरेला पडली नसती.

कल्पना जुनीच आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत हेलन पार्कहर्स्ट यांच्या डाल्टन पद्धतीत मुलं महिन्याचं काम ठरवून घेत आणि आपल्या गतीनं पुरं करत. आपल्याकडे आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेनं खेड्यातल्या बहुवर्ग शाळांसाठी कार्डं आणि शिकण्याची शिडी तयार केली. तिच्यावरूनच १९९५ मध्ये कर्नाटकात ‘नलि-कलि’ हा शिक्षण-उपक्रम सुरू झाला. हे दोन्ही प्राथमिकच्या लहान मुलांसाठी होते; मी तीच कल्पना सहावीत वापरते.

आपला वेग म्हणजे वाटेल तेवढा वेळ मात्र नव्हे. प्रत्येक घटकाची शेवटची तारीख फळ्यावर असते. आवश्यक पायऱ्या सगळ्यांनी करायच्या. पुढे गेलेल्यांना त्याच घटकातली अवघड उदाहरणं मिळतात, आणि मागे राहिलेल्यांना माझा वेळ जास्त.

जूनमध्ये सुरुवातीला मी सोप्या कार्डांवर हा क्रमच गिरवून घेते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा.