बेरजा आणि गुणाकार: दोन्ही याद्या लहान राहतात का?

एक ते दहा या संख्या घ्या. त्यांतल्या कोणत्याही दोन संख्यांची बेरीज करा, हवी तर तीच संख्या दोनदा घ्या. जोड्या ५५ होतात, पण बेरजा २ ते २० अशा १९च. गुणाकार मात्र ५५ वेगवेगळे येतील असं वाटतं. येतात ४२, कारण १२ हे २×६ही आहे आणि ३×४ही. आता १, २, ४, ८ अशी दुप्पट होत ५१२ पर्यंत जाणारी दहा संख्यांची श्रेढी घ्या. इथे गुणाकार १९ आणि बेरजा पूर्ण ५५!

मग नेमका संच निवडला की दोन्ही याद्या लहान ठेवता येतील, हा समज चुकीचा आहे. पॉल एर्डोश आणि एंद्रे सेमेरेदी यांनी १९८३ मध्ये पूर्णांकांसाठी दाखवलं, की मोठ्या संचात एक तरी यादी संचापेक्षा बरीच मोठी होतेच. ती संचाच्या आकाराच्या जवळजवळ वर्गाइतकी असते, अशी त्यांची अटकळ आहे.

हे फक्त पूर्णांकांच्या मूळ अवयवांमुळे घडतं, असंही मानलं जातं. वास्तव संख्यांना तसे अवयव नसतात, तरी नियम टिकतो. १९९७ मध्ये ग्यॉर्गी एलेकेश यांनी त्यासाठी चक्क भूमिती वापरली, आणि ही सिद्धता मला फार सुंदर वाटते. क्ष-निर्देशांक बेरजांच्या यादीतून, य-निर्देशांक गुणाकारांच्या यादीतून घेऊन बिंदू मांडा. संचातल्या (शून्य सोडून) प्रत्येक अ आणि ब साठी य = अ(क्ष − ब) ही रेषा काढा. संचातली कोणतीही क घेतली, तर (ब + क, अक) हा बिंदू या रेषेवर पडतो. म्हणजे प्रत्येक रेषेवर संचाइतके बिंदू आलेच. पण सेमेरेदी-ट्रॉटर प्रमेयानुसार बिंदू आणि रेषा यांच्या भेटींना मर्यादा असते. दोन्ही याद्या लहान असत्या, तर इतक्या भेटी झाल्याच नसत्या. यातून घात ५/४ मिळतो, म्हणजे मोठी यादी साधारणपणे संचाच्या आकाराच्या किमान ५/४ घाताइतकी असते.

मात्र नियम सगळीकडे चालत नाही. ७ ने भागल्यावर उरणाऱ्या सातही बाक्या घ्या: बेरजा सात, गुणाकारही सातच.

प्रश्न सुटला आहे, असंही समजू नका. २००९ मध्ये योझेफ शोयमोशी यांनी हा घात जवळपास ४/३ पर्यंत नेला. पुढे कोन्यागिन आणि श्क्रेदोव यांनी तो किंचित ओलांडला. अटकळीतला घात २ आहे; तिथवर अजून कुणीही पोहोचलेलं नाही.