लस आधी कोणाला?

साथ देशभर पसरली असता सर्वांना एकाच दिवशी लस टोचणे कोणत्याही शासनास शक्य नसते. म्हणून लसीकरणाच्या वेगाइतकाच त्याचा क्रमही महत्त्वाचा असतो. हा क्रम रोगाच्या स्वभावावरून ठरवावा लागतो.

देवीचे उदाहरण घेऊ. १९६२ साली भारताने देवीनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा सरसकट सर्वांना टोचण्यावर भर होता. कोट्यवधी लोकांना लस मिळूनही रोग हटेना. परंतु देवीचा रोगी अंगावरील फोडांवरून ओळखू येतो आणि ताप येण्यापूर्वी त्याच्यापासून सहसा संसर्ग होत नाही. म्हणून पुढे रोगी शोधून त्याच्या घरच्यांना व शेजाऱ्यांना प्रथम टोचण्यात येऊ लागले. मे १९७५ मध्ये देशातील देवीची साखळी तुटली.

कोविडचे तसे नाही. लक्षणे दिसण्यापूर्वीच तो पसरतो. रोग्याभोवती असे कुंपण पुरे पडत नाही. मात्र त्यापासून मृत्यूचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो. १६ जानेवारी २०२१ रोजी आरंभ झाला तो आरोग्यसेवकांपासून. कारण तेच अंथरुणास खिळले तर रोग्यांची शुश्रूषा कोण करणार? १ मार्चपासून साठीपुढील व्यक्ती व ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व, आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व पात्र ठरले. तेव्हा दुसरी लाट भरात होती आणि लसीचा साठा अपुरा होता. पात्रता जाहीर केल्याने लस निर्माण होत नाही. उत्पादन वाढले, तेव्हाच वेग वाढला; २१ ऑक्टोबरला १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या.

रांगेत मागे असणे म्हणजे उपेक्षा नव्हे. लस थोडी असताना पहिली मात्रा जेथे अधिक प्राण वाचवील तेथेच ती गेली पाहिजे.