वाड्यावरच्या कुत्र्याला कागद हवा का?

बीड जिल्ह्यात रानात मेंढरांचा वाडा बसला की त्यातल्या जवळजवळ प्रत्येक जनावराला आता सरकारदरबारी नाव आहे. मेंढी दख्खनी, शेळी उस्मानाबादी, बिऱ्हाड वाहणारं तट्टू भीमथडी. ज्याच्या शेतात मेंढरं खतासाठी बसवली त्या शेतकऱ्याची गाय बऱ्याचदा लाल कंधारी. या सगळ्या कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदलेल्या जाती. राहिलं ते रात्रभर वाघरीभोवती, म्हणजे मेंढरांच्या जाळीभोवती फिरणारं कुत्रं. त्याची जात विचारली तर मेंढका म्हणतो, “गावठीच हाय, दुसरं काय?”

गावठी म्हणजे बिनजातीचं, हा समज मेंढक्यांपेक्षा शहरातल्या हौशी मंडळींनीच जास्त पसरवला. जात ठरायला परदेशी नाव लागत नाही, की राजवाड्याचा वारसा. एका मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली, आपसांत सारखी दिसणारी, इतरांपासून वेगळी ओळखू येणारी आणि तेच गुण पिल्लांत उतरवणारी जनावरं असली की जात म्हणून दावा करता येतो. हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याची अशी नोंद झाली ती 2025 मध्ये. त्याआधी राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड ही दक्षिणेतली, शिकारी बांध्याची तीन नावं यादीत होती. गद्दी कुत्रं निव्वळ राखणीचं. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो. बीडकरांना हे लांबचं वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तेव्हा रानात मुक्काम करणाऱ्यांची झोप उडाली होती.

म्हणजे आपल्या वाड्यांवरची सगळी कुत्री उद्या एक जात ठरतील, असं मात्र नव्हे. मोजमापं घेतल्यावर, रक्ताचे नमुने तपासल्यावर ती सरमिसळही निघू शकतात. पण मोजल्याशिवाय ‘काही नाही’ म्हणून मोकळं होणं हा आळस झाला.

सगळ्यात मोठा गोंधळ आहे तो नोंद कोण करतं याचा. पिल्लू विकणारा ‘गव्हर्न्मेंट पेपर आहेत’ म्हणतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे केसीआयचं प्रमाणपत्र असतं. केसीआय ही चेन्नईची श्वानप्रेमींची संस्था आहे, सरकारी खातं नव्हे. ती एकेका कुत्र्याची नोंद करते: आई कोण, बाप कोण, त्यांच्या मागची पिढी कोणती. कर्नालचा ब्यूरो नेमका उलटा. तो तुमच्या मोत्याची किंवा वाघ्याची नोंद करत नाही, अख्ख्या जातीची करतो. जातीला मान्यता मिळाली म्हणून तुमच्या दारातल्या कुत्र्याला आपोआप कागद मिळत नाही. केसीआयचा कागद आहे म्हणून ब्यूरोने ती जात मानली, असंही होत नाही. कारवान हाउंड हे नाव केसीआयच्या यादीत आहे. ब्यूरोच्या यादीत मात्र त्याच घडणीचं कुत्रं कर्नाटकाच्या नावाने, मुधोळ हाउंड म्हणून बसलं आहे. जनावराला राज्याची हद्द कळत नाही, अर्जाला कळते.

याशिवाय विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे करायची नोंदणी वेगळी. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ती सक्तीची आहे, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. नगरपालिकेचा परवाना आणखी वेगळा. यांपैकी एकही कागद जातीचा दाखला नाही.

आता कामाचं. कागदवालं कुत्रं राखणीला चांगलंच असणार, या समजापायी पैसे घालवलेले लोक प्रत्येक तालुक्यात सापडतील. वंशावळ सांगते ती आई-बापांची नावं. लांडगा आला तर कुत्रं पुढे होईल की गाडीखाली शिरेल, हे त्यात लिहिलेलं नसतं. हा फरक ब्रिटिश मेंढपाळांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. त्यांची इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी 1906 मध्ये स्थापन झाली. तिच्या वंशनोंदीत आजही बिनकागदी कुत्र्याला शिरता येतं. मात्र त्याला मेंढरांवर काम करून दाखवावं लागतं आणि डोळ्यांच्या आनुवंशिक दोषांची तपासणी पार करावी लागते. रंग कोणता, कान कसे, याला तिथे फारसं महत्त्व नाही. म्हणूनच 1995 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने मेंढरं वळणाऱ्या बॉर्डर कोली कुत्र्याला आपल्या यादीत घेतलं, तेव्हा कामाची कुत्री पाळणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. दिसण्यावर बक्षिसं सुरू झाली की काम मागे पडतं, ही त्यांची भीती. मला ती रास्त वाटते.

पण कोलीचा नियम जसाच्या तसा इथे लावायलाही हरकत आहे. मोबाइलवर कोली मेंढरं वळताना पाहून आपल्या कुत्र्याकडून तशी अपेक्षा धरू नये. आपल्याकडे मेंढरं वळतो तो मेंढका, आवाजाने, शिट्टीने, काठीने. कुत्र्याचं काम राखणीचं. कोकरांत लोळत वाढायचं, खांडाला आपलं मानायचं, परकी चाहूल लागली की भुंकून वाडा जागा करायचा. मेंढरामागे धावणारं कुत्रं इथे गुणी नव्हे, खोडीचं समजतात. म्हणून आपल्याकडे कामाची चाचणी बसवायचीच असेल तर ती रात्रीची हवी.

लातूरकडची लांब पायांची, चिंचोळ्या तोंडाची कारवानी आणि झुपकेदार केसांची पश्मी कुत्री हा आणखी निराळा विषय. ती नजरेने सावज हेरून पळणारी. वाड्यावर ती दिसतात, पण प्रत्येक वाड्यावरचं कुत्रं कारवानी नसतं. त्यांना सोडून सशाची शिकार करणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कुत्र्याचा कागद त्यातून सोडवत नाही.

नोंद हवीच असेल तर मार्ग भीमथडी घोड्याने दाखवला आहे. आधी मुलूख ठरवायचा, मग जनावरं मोजायची, रक्त तपासायचं, संगोपनाची माहिती आणि फोटो जोडायचे आणि राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या संमतीने कर्नालला अर्ज करायचा. एकट्या मेंढक्याचं हे काम नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयं परभणीत आणि उदगीरला आहेत, म्हणजे बीडपासून फार लांब नाहीत. मेंढक्याने करण्यासारखं एकच: वही. कुत्री कधी व्याली, कोणत्या कुत्र्यापासून, किती पिल्लं जगली, कोणतं कुणाच्या वाड्यावर गेलं आणि तिथे कसं निघालं. शेजारी लशीची तारीख.

लस आणि जातीची नोंद यांचा मात्र परस्परांशी संबंध नाही. रेबीजची लस बिनकागदी कुत्र्यालाही तितकीच लागते आणि दरवर्षी लागते. डिस्टेंपरचीही टोचून घ्यावी, कारण तो रोग कुत्र्याकडून लांडग्याला जातो. मोकाट सोडलेल्या कुत्र्यांचा लांडग्यांशी संकरही होतो. पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यामुळे वाड्यावर पैदाशीला ठेवायची तेवढी कुत्री निवडून बाकीच्यांची नसबंदी करून घेतली, तर असा संकर कमी होईल आणि पुढे कधी नोंद करायची वेळ आल्यावर बाप कोण हा प्रश्नही राहणार नाही.