तांबड्या बर्फाची साक्ष

ऐन उन्हाळ्यात, नवतप्याच्या दिवसांत आम्ही सहकुटुंब आमगावला एका लग्नाला गेलो आणि तिसऱ्या दिवशी गोंदियाला परतलो, तेव्हा घर जसे ठेवले होते तसेच होते. दिवे लागत होते, पंखे फिरत होते, आणि फ्रीजच्या वरच्या खणात पाहुण्यांसाठी म्हणून आणून ठेवलेले दोन किलो मटन दगडासारखे घट्ट गोठलेले होते. शेजारच्या काकूंनी बोलता बोलता सांगितले की, परवा सायंकाळी वादळ उठले, तारांवर झाड पडले आणि ‘लाइन’ गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिरोड्याजवळ 3300 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा असलेल्या जिल्ह्यातही एक निंबाचे झाड पुरेसे होते. पिशवी उचलून पाहतो तो तिच्याखाली तांबड्या बर्फाचा पातळ पापुद्रा खणाच्या तळाला चिकटलेला, आणि डब्यात सुटे साठवलेले बर्फाचे खडे विरघळून पुन्हा गोठल्यामुळे त्यांची एकच सपाट वडी झालेली. मांसाने काहीच कबूल केले नव्हते. फितूर झाला तो बर्फ.

“वास तर काही येऊन नाही राहिला बापू, दोन शिट्ट्या जास्त घेऊ,” असा निवाडा मातोश्रींनी दिला. हा निवाडा घरोघर दिला जातो, आणि त्याच्या दोन्ही आधारांत खोट आहे.

उणे 18 अंशांवर, म्हणजे गोठवलेल्या अन्नासाठी सर्वत्र मान्य असलेल्या तापमानावर, जंतूंची वाढ थांबते. परंतु त्यांतील बहुसंख्य मरत नाहीत. त्यांच्या कारभाराला मिळते ती केवळ तहकुबी, आणि मांस वितळून पाच अंशांच्या वर गेले की ती उठते. तेथपासून साठ अंशांपर्यंतचा टापू जंतूंच्या अंमलाखालचा; त्यात अनुकूल उष्णता मिळाली तर काही जाती वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. दुर्गंध उत्पन्न करणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू हे बहुधा निरनिराळे असल्यामुळे, ज्या मांसाला यत्किंचितही वास नाही तेही घातक असू शकते. शिट्ट्यांविषयी म्हणावे, तर उकळीने जंतू मरतात हे खरे. पण माणसाच्या हातांवरून अन्नात शिरणाऱ्या स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूने एकदा विष सोडले, की ते विष अर्धा तास उकळूनही नष्ट होत नाही. खून करणाऱ्याला फाशी दिली म्हणून मेलेला उठत नाही, तसेच हे.

तथापि मातोश्रींच्या पिढीला अडाणी ठरविण्याची आमची इच्छा नाही. धुळवडीला गावात बोकड कापला जाई, पळसाच्या पानांवर त्याचे हिस्से पडत, आणि दिवस मावळण्यापूर्वी हिस्सा चुलीवर चढलेला असे; ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलावांतील मासळी ढिवरांच्या टोपलीतून दारी येई ती त्याच सकाळची, आणि उरली तर उन्हात सुकविली जाई. तेथे नाक हा एकटा साक्षीदार नव्हता. जनावर केव्हा कापले आणि कोणी कापले, हे सर्वांस ठाऊक असे. शीतकपाट आले आणि मांसाचे वयच पुसले गेले. नाकाची सवय मात्र तशीच राहिली.

आता प्रश्न उरतो तो मुदतीचा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा प्रसिद्ध ठोकताळा असा की, दार न उघडल्यास गच्च भरलेला फ्रीजर सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला सुमारे 24 तास थंडी टिकवून धरतो. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास 80 कॅलरी उष्णता लागते, म्हणून जितका साठा गोठलेला, तितकी उसंत अधिक. पण आमच्याकडच्या मे महिन्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. खोली 25 अंशांवर असेल तर उणे 18 पासून अंतर 43 अंशांचे. घरात 42 अंश असतील तर तेच 60 अंशांचे, आणि उष्णता त्याच मानाने आत शिरणार. शिवाय फ्रीजचा वरचा लहानसा खण म्हणजे काही स्वतंत्र पेटी नव्हे. तेव्हा त्या ठोकताळ्यातून निदान तिसरा हिस्सा वजा करावा, असे आमचे मत आहे. मांसात बर्फाचे कण अजून हाताला लागत असतील, किंवा ते पाच अंशांच्या आत थंड असेल, तर पुन्हा गोठविण्यास अथवा लगेच शिजविण्यास हरकत नाही; तंतू फाटून रस गळाल्याने चव उतरते, एवढेच. त्याहून उबदार अवस्थेत दोन तास गेले असतील, आणि हवा 32 अंशांच्या वर असताना एकच तास, तर ते रद्दबातल समजावे. चाखून पाहण्याचा मोह मुळीच करू नये.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लशींसाठी जी बर्फाच्या अस्तराची शीतपेटी असते, तिचे तापमान 2 ते 8 अंशांत आहे की नाही हे रोज दोनदा वहीत नोंदले जाते, आणि अनेक लशींच्या कुपीवर एक लहानसा चौकोन असतो जो सोसलेल्या उष्णतेनुसार काळवंडत जातो. तो बाहेरच्या वर्तुळाच्या रंगाशी एकरूप झाला की कुपी बाद. कुपीने आपला दाखला असा अंगावरच वागवावा आणि दोन किलो मटनापाशी कसलाच कागद नसावा, हे आम्हाला त्या दिवशी फारच खटकले.

मटन आम्ही परसात हातभर खोल पुरले. मातोश्री सायंकाळपर्यंत बोलल्या नाहीत, आणि रात्री पिठले झाले.

कुपीवर असतो तसा दाखला मटनासाठी घरच्या घरी तयार करता येतो. वाटीभर पाणी खणात गोठवावे, घट्ट झाल्यावर त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि वाटी तेथेच राहू द्यावी. गावाहून परतल्यावर नाणे वर दिसले तर बर्फ टिकला. तळाशी सापडले तर मध्यंतरी सर्व वितळले होते, मग मांस कितीही कडक लागो. नवतपा 25 मेच्या सुमारास लागतो. वाटी त्याआधी ठेवावी.