घरच्या चित्रपटसंग्रहाची नोंदवही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरच्या चित्रपटसंग्रहाची नोंद म्हणजे चित्रपटांच्या नावांची यादी, हा या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज. कपाटात प्रत्यक्ष असते ती चित्रपटाची प्रत: व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी, ब्ल्यू-रे किंवा हार्ड डिस्कवरची फाईल. एका चित्रपटाच्या तीन प्रती घरात असू शकतात आणि एका डीव्हीडीवर तीन चित्रपटही असू शकतात. नावांच्या यादीत या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत. चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2016 साली काढलेल्या नोंदनियमांत यासाठी चार पातळ्या ठरवल्या आहेत: मूळ कृती, तिची पाठभेद असलेली आवृत्ती, तिचे बाहेर पडलेले रूप आणि हातातली प्रत. घरच्या वहीला दोन पातळ्या पुरतात. एका नोंदीत चित्रपट आणि दुसरीत त्याची प्रत, मग ती वही कागदाची असो की संगणकावरची.

नावावरून चित्रपट ओळखता येतो, हा दुसरा भ्रम. 'श्यामची आई' 1953 साली आचार्य अत्र्यांनी केला आणि 2023 साली सुजय डहाके यांनी. दोन्ही कृष्णधवल असल्याने रंगावरूनही उलगडा होत नाही. 'देवदास' तर नुसत्या हिंदीत न्यू थिएटर्सचा, बिमल रॉय यांचा (1955) आणि संजय लीला भन्साळी यांचा (2002) असे निदान तीन आहेत. उलट, नावे वेगळी आणि कथा एक, असाही प्रकार मराठीत मुबलक. प्रभातचा 'कुंकू' (1937) हिंदीत 'दुनिया न माने' झाला, 'माणूस' (1939) 'आदमी' झाला, 'शेजारी' (1941) 'पडोसी' झाला. यांना डब केलेली आवृत्ती समजून एकाच नोंदीत घालणे चूक ठरते, कारण हे चित्रपट दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित झाले होते. 'शेजारी'त पाटील झाले केशवराव दाते, 'पडोसी'त ठाकूर झाले मझहर खान. मिर्झाची भूमिका मात्र दोन्हीकडे गजानन जागीरदारांची. म्हणून नाव, भाषा, साल आणि दिग्दर्शक या चार गोष्टी एकत्र लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

सालाबाबत मात्र सावध राहावे लागते. वेष्टनावर छापलेले साल बहुधा त्या डिस्कचे असते. पडद्यावर सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरची तारीख अधिक भरवशाची, असे मानले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. घरगुती व्हिडिओसाठी वेगळे प्रमाणपत्र घेतलेले असेल, तर त्यावर 'व्ही/यू' असा शिक्का आणि व्हिडिओच्या प्रमाणनाची तारीख असते. चित्रपट त्याआधी कितीतरी वर्षे झळकलेला असू शकतो. साल ठरवणे तज्ज्ञांनाही जड जाते. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, पण आज उपलब्ध असलेली त्याची रिळे 1917 साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. घरच्या वहीत प्रदर्शनाचे साल चित्रपटाच्या नोंदीत आणि डिस्कचे साल प्रतीच्या नोंदीत लिहिले की गोंधळ आपोआप मिटतो.

डिस्कवरचा वेळ कमी भरला की चित्रपट कापलेला, हा समज संग्राहकांत फार पक्का आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने दाखवला जातो, तर टीव्हीच्या 'पाल' या प्रसारणपद्धतीच्या व्हिडिओचा वेग 25 चौकटी. सर्वसाधारण रीत अशी की एकही चौकट न कापता चित्रपट किंचित वेगाने पळवला जातो. त्यामुळे 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी थोडी चढते. फरक चार टक्क्यांहून बराच जास्त असेल, तरच कात्रीचा संशय घ्यावा. पडताळ्याला मूळ प्रमाणपत्रावरची लांबी उपयोगी पडते. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे 27.4 मीटर सरकते, म्हणजे 4,100 मीटरचा चित्रपट अडीच तासांचा. व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावत असल्याने एका चित्रपटाला दोन किंवा तीन डिस्क लागत. त्यांतली एक हरवली की उरते अर्धी प्रत. वहीत डिस्कची संख्या लिहिण्याचे कारण हेच.

बोलीभाषेत व्हीसीडी, डीव्हीडी, ब्ल्यू-रे या सगळ्यांनाच 'सीडी' म्हणतात. व्यास सर्वांचा 12 सेंटिमीटर, पण पोटात अंतर पुष्कळ: सीडीत सुमारे 700 मेगाबाइट, एकपदरी डीव्हीडीत 4.7 गिगाबाइट, एकपदरी ब्ल्यू-रेत 25. प्रत्येक डिस्कला ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा दाखल क्रमांक द्यावा लागतो, आणि तो कुठे लिहायचा इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो. चकचकीत बाजू नाजूक आणि छापील बाजू भक्कम, असे समजून लोक छापील बाजूवर बॉलपेन चालवतात. सीडी आणि व्हीसीडीत मजकुराचा थर नेमका त्या छपाईच्या खालीच असतो. तिथला ओरखडा कायमचा. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. कोणतीही डिस्क असो, क्रमांकाची जागा मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर, मऊ टोकाच्या पाण्याच्या शाईच्या मार्करने. चिकटपट्टी लावू नये, डिस्क फिरताना तिचा तोल जातो.

डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणाऱ्या विभागाचा (रीजन कोडचा) रकाना अनावश्यक वाटतो तो भारतातच राहणाऱ्यांना. डीव्हीडीसाठी भारत विभाग 5 मध्ये आणि अमेरिका विभाग 1 मध्ये येते. ब्ल्यू-रेचे विभाग निराळे, त्यांत भारत 'सी'. सगळ्या विभागांत चालणाऱ्या डीव्हीडी आपल्याकडे पुष्कळ निघाल्या, पण सगळ्याच तशा नव्हत्या. परदेशातल्या नातेवाइकांसाठी नेलेली डीव्हीडी तिथल्या प्लेअरने नाकारली, तर ती खराबच निघाली असे नाही. व्हीसीडीला विभागच नसतो.

बारकोड स्कॅन करून यादी बनवणारी ॲप काम हलके करतात, पण सगळे करत नाहीत. बारकोड विक्रीच्या पाकिटाचा असतो. 'थ्री इन वन' डीव्हीडीला तो एकच, आणि स्थानिक कंपन्यांनी काढलेल्या मराठी व्हीसीडी परदेशी माहितीसाठ्यात अनेकदा सापडतच नाहीत. हाताने भरणे अटळ आहे. ॲप निवडताना यादी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते का, हे आधी पाहावे. ॲप बंद पडले की अडकलेली नोंद परत मिळत नाही.

फाईलींचा संग्रह 'सर्च केला की सापडतो' म्हणणाऱ्यांनी 'आई' हा शब्द रोमन अक्षरांत किती प्रकारे लिहिला जातो ते पाहावे. नाव, साल, भाषा या ठरावीक क्रमाने फाईलची नावे दिली, तरच शोध चालतो. हार्ड डिस्कवर उतरवले म्हणजे जपले, हेही खरे नाही. ती यांत्रिक वस्तू आहे आणि पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. रूढ नियम तीन प्रतींचा आहे: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. नोंदवहीलाही तो लागू होतो.

डिस्क अमर असतात, हा समज विक्रेत्यांनीच रुजवला. कारखान्यात छापलेली डिस्क टिकाऊ खरी, पण घरी 'राइट' केलेल्या डिस्कवरचा मजकूर रंगद्रव्यात असतो आणि ते ऊन, उष्णता, दमटपणा यांनी उतरते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट लावली तर यंत्राचे हेडही बिघडते. म्हणून प्रत्येक प्रतीसमोर 'शेवटची चालवून पाहिल्याची तारीख' असावी आणि ग्रंथालयांप्रमाणे ठरावीक मुदतीने साठ्याची पडताळणी व्हावी. कॅसेटच्या नोंदीत आणखी एक रकाना लागतो: ती चालवणारे यंत्र घरात सुरू आहे की नाही. जगात सर्वांत शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने त्यांचे उत्पादन जुलै 2016 मध्ये थांबवले.