अननस, ऊन आणि धुरके

अननसाला वास कशामुळे येतो, हे शोधता शोधता ॲरी हागेन-स्मिट शहराच्या हवेकडे वळले. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरत. दोष कारखान्यांच्या धुराड्यांना दिला जाई. कॅलटेकच्या या प्राध्यापकांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींचा धूर आणि पेट्रोलची वाफ यांवर ऊन पडले म्हणजे ओझोन तयार होतो. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने त्यांना चूक ठरवू पाहिले. ते हटले नाहीत. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला त्यांच्या कामात जुनाच नियम दिसतो : खर्च ज्याचा, त्याच्याच नावे पडला पाहिजे. मोटारीचा खर्च मात्र आपण अजूनही पोराबाळांच्या फुप्फुसांच्या खात्यावर टाकतो आहोत.